महाराजांचा अर्धा आवाज

"मावशी, माइक बदलून द्या. तरी न्हाई भागलं तर उद्या महाराजच बदलू."

कुरुंद्याच्या सप्त्याचे अध्यक्ष देवराव भर मंडपात असं बोलले. महाराज चार हातांवर बसलेले. माझं डोकंच फिरलं.

आखाडा बाळापूरला माझं साऊंड दुरुस्तीचं दुकान आहे. जुने अँप्लिफायर उघडून उघडून मी हे काम शिकले, शाळा काही नाही त्याची. सप्त्याच्या सहाव्या दिवशी दुपारी मला बोलावलं. तक्रार अशी की कीर्तनातला शब्द कळत नाही, बायकांना तर अजिबातच नाही. मंडळानं ठरवूनही टाकलं होतं: महाराज थकले, गळा बसला. काल्याचं कीर्तन, म्हणजे सप्त्याचं शेवटचं, इथं दरवर्षी हेच महाराज करतात. यंदा दुसऱ्याला फोन झालेला.

"महाराजांचा गळा तपासला कोणी?" मी विचारलं.

"त्यात काय तपासायचं? ऐकूच येऊन राहिलं न्हाई."

"आणि मशीन?"

"मशीन नवीन हाय मावशी!"

म्हणजे बघा. मशीन नवीन म्हणून ती शहाणी, माणूस म्हातारा म्हणून तो चुकला!

महाराज हळूच म्हणाले, "ताई, खरंच गळा गेला असंल तर सांगा. मी आपणहून उतरतो."

मला गलबलून आलं. मी माइक बंद केला, मंडपाच्या शेवटच्या खांबाला जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "म्हणा काहीतरी." त्यांनी अभंगाची एक ओळ म्हटली. शब्दन्शब्द खांबापर्यंत आला. गळा ठणठणीत होता.

मग मी बॉक्सकडं वळले.

साऊंडमध्ये दोन तऱ्हेचे बॉक्स असतात. उंचावर ठेवतात ते टॉप, त्यातून बोलणं आणि टाळ. जमिनीवरचे मोठे ते सब, त्यातून पखवाजाची धूम. कोणता आवाज कुठं जायचा, हे क्रॉसओव्हर ठरवतो. आपण हळद निवडताना गड्डे एकीकडं, हळकुंडं एकीकडं टाकतो, तसंच. त्याच्या नॉबवर आकडे असतात. आकडा म्हणजे आवाज सेकंदाला किती वेळा थरथरतो ते. त्या आकड्याच्या खालचं सगळं सबला, वरचं टॉपला.

मी वाकून बघितलं. नॉब दोनशेवर! सबचा आवाज पुरा फुल्ल!

"हे कोणी केलं?"

"दुकानदारानं सांगितलं, आकडा मोठा तर धमक मोठी," देवराव म्हणाले.

अहो, गड्याचा भारदस्त आवाज शंभराच्या आसपास सुरू होतो. दोनशेवर कापला, तर त्याचा बुंधाच सबमध्ये जातो आणि नुसता घुमतो. वर कडी अशी की दोन्ही सब पुरुषांच्या बाजूला. बायकांकडं लेकरं झोपतात, दचकतील म्हणून. म्हणजे पुरुषांना घूं घूं, बायकांना टॉपमधली चिरचिर. महाराजांचा अर्धा आवाज इकडं, अर्धा तिकडं, आणि दोष कुणाला? महाराजांना!

दोन्ही सब मी मध्ये, स्टेजसमोर आणवले. नॉब नव्वदवर घेतला. महाराजांच्या माइकचा खालचा आवाज कापला, म्हणजे बोलणं सबमध्ये जाणारच नाही. मग सब बंद ठेवून आधी टॉप जुळवले. नंतर पखवाज वाजवायला लावून सब हळूहळू वाढवला. धूम बॉक्समधून नाही, पखवाजातूनच येते असं वाटलं, तिथं थांबले. लेव्हल जुळवणं म्हणजे एवढंच.

"धमक गेली ना मावशी. छातीत वाजून राहिलं न्हाई!"

"छातीत वाजवायचं तर वरातीत जा देवराव. कीर्तन कानानं ऐकायचं असतं."

बायकांच्या बाजूला कौसाबाई महाप्रसादाचे तांदूळ निवडत होत्या. पहिली तक्रार त्यांचीच. मी महाराजांना म्हटलं, "त्यांच्याशी बोला."

महाराज माइकवर म्हणाले, "कौसाबाई, तांदूळ नीट बघा. गेल्या साली खडा लागला होता."

कौसाबाईंनी मानसुद्धा वर केली नाही. "ते तुमच्या टाळकऱ्यांनी निवडले होते महाराज! मला काहून बोलता?"

सगळा मंडप हसला. महाराजही हसले, आणि उपरण्यानं डोळे पुसले. देवरावांनी मुकाट्यानं फोन काढला आणि दुसऱ्या महाराजांना येऊ नका म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन आपल्याच महाराजांनी केलं. मी बायकांत बसून ऐकलं, एक शब्द सुटला नाही. शेवटी आभार मानायला देवराव उठले. म्हणाले, "महाराजांनी काल काढा घेतला, म्हणून आज गळा मोकळा झाला."

काढा!

निघताना नॉबच्या नव्वदवर नेलपॉलिशचा लाल ठिपका देऊन आले. पुढच्या साली तरी कुणी बघेल. महाराज बदलायला एक फोन पुरतो. नॉब बघायला मात्र खाली वाकावं लागतं.