उखर्डूच्या आधीची बाळं

लिलाबाई नर्स मूळच्या बोदवडच्या. शिंदखेड्याकडच्या आमच्या गावात उपकेंद्र उघडलं तेव्हा त्या आल्या आणि चार महिन्यांत गावाच्या अक्का झाल्या. मी तिथला शिपाई.

अठ्ठ्याऐंशी साली धुळ्याहून पाहणीवाले अभिमन सर आले. पाच वर्षांत दगावलेल्या बाळांची नोंद त्यांना हवी होती. वस्ती, पाणी, रस्ता बघून कुठं किती बाळं दगावतील याचा अंदाज म्हणे कॉम्प्युटर काढणार आणि खरा आकडा त्याच्याशी ताडून पाहणार. अक्कांच्या हातची भाकरी खात ते म्हणाले, "लिलाबाई, काही लपवू नका. आकडा मोठा निघाला तर इथं डॉक्टर देता येईल."

अक्का कामाला लागल्या. उखर्डू, चिंधा अशी नावं ऐकली की त्या घरी ठाण मांडायच्या. मुलं जगत नसली की पुढच्याला आमच्याकडे असं उकिरड्याचं, चिंधीचं टाकाऊ नाव ठेवतात. उखर्डूच्या आधीची दोन बाळं बारशाआधीच गेलेली. अशांना कुणी मोजणीत धरत नाही. उखर्डूची आई रुक्माबाई चिडलीच, "त्यासनं नावबी ठेयेल नही. लिखस काय, अक्का?"

"लिहिलं तर डॉक्टर येईल, रुक्मा," अक्का म्हणाल्या. मग रुक्माबाईनं रडत रडत सगळं सांगितलं.

अंदाज निघाला अकराचा. आमची बाळं भरली सव्वीस. शेजारच्या गावानं दोनच दाखवली होती, घरोघरी न फिरता, बसल्या जागी. वर्षभरात कागद आला: अंदाजाच्या दुपटीहून जास्त बाळं दगावली, म्हणजे आमचं उपकेंद्र कुचकामी, ते शेजारच्या गावी हलवावं, नर्सची बदली. खाली सही अभिमन सरांची.

अक्का मला घेऊन धुळ्याला गेल्या. सर नजर चुकवत म्हणाले, "तुमची नोंद खरी आहे, ठाऊक आहे मला. पण कुठल्या गावानं बिननावाची बाळं धरली, कुठल्या नाही, असा फॉर्मात रकानाच नव्हता." भाकरी खाताना रकाना आठवला नाही या माणसाला! केसानं गळा कापला त्यानं. मी बोलणार होतो, अक्कांनी दंड धरून मला बाहेर नेलं.

बदलीच्या दिवशी स्टँडवर सगळा गाव आला. रुक्माबाई उखर्डूला कडेवर घेऊन पुढं झाली. "मी खरं सांगं, म्हनीसन दवाखाना गया का, अक्का?"

अक्कांनी उखर्डूच्या डोक्यावरून हात फिरवला. पुढं त्या जिथं गेल्या, तिथं बारशाआधीचं बाळ त्यांनी कधी लिहिलं नाही.