बरणीतल्या अजगराची नखी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्या कॉलेजातल्या अजगराची नखी सरांच्या हातून तुटली नव्हती. ती मी खरवडून काढली.

जळगावात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या या सरांना सगळे बटनसर म्हणत. वर्गात शिरले की आधी भिंतीवरची बटनं खालीवर करायचे. “पंखा तोच, दिवा तोच. कुठलं बटन कुठे, कधी दाबलं, त्यावर खोली बदलते. प्राण्यांच्या शरीराचंही तसंच!” मी त्यांचा प्रयोगशाळेतला मदतनीस.

बरणीतल्या अजगरावर त्यांचा भारी जीव. त्याच्या शेपटीजवळ दाण्याएवढी एक नखी होती; दुसऱ्या बाजूची कधीच झिजलेली. “याचे पाय कुठे गेले?” पोरं बरणीत डोकावत. मग सर आपल्या धुळ्याच्या बोलीत उतरत, “बठ्ठं तेच शे भाऊ, बटन बिघडेल शे!” म्हणजे सगळं तेच आहे, बटन तेवढं बिघडलंय. पाय घडवणारं जनुक सापाकडे अजून शाबूत आहे, ते इतर कामांनाही लागतं; पायापाशी ते चालू करणारा तुकडा तेवढा बिघडला. अजगरात तो जरासा लागतो नि विझतो. “तेवढ्यात झालेला पाय म्हणजे ही नखी.”

धडा मी शंभरदा ऐकलेला, पण बरणी धरून नेहमी मागच्या बाजूला उभा; नखी नेमकी कशी दिसते ते कधी पाहिलंच नव्हतं. तपासणी समिती येणार म्हणून अजगर धुवायला काढला, तेव्हा काहीतरी चिकटलेलं दिसलं. मळ समजून खरवडलं.

समितीपुढे सरांनी बरणी फिरवली. चष्मा पुसून पुन्हा फिरवली. एक पाहुणे हसले, “सर, पाय आता पूर्णच गेले वाटतं!”

“परवा मीच हाताळला होता. माझ्याच हातून तुटली असेल,” सर म्हणाले.

मी चहाचा ट्रे धरून उभा होतो. पाहुण्यांना एकेक कप देत गेलो.

संध्याकाळी बेसिनच्या जाळीत नखी सापडली. ती डबीत ठेवली. सरांनी मात्र त्या बरणीला पुन्हा हात लावला नाही. “हात जड झाला रे आता,” म्हणायचे.

निवृत्तीनंतर ते धुळ्याला असतात, मजेत. मी दर थंडीत मेहरूणची बोरं घेऊन जातो. यंदा सांगितलं, मुलीने प्राणिशास्त्र घेतलंय. “म्हणजे तुझ्या घरात बटन लागलं म्हण की!” इतके हसले की बोराची बी घशात अडकता अडकता राहिली.

डबी खिशातच होती. तशीच परत आणली.

नखी सरांची आहे, ती त्यांना द्यायची आहे. आणि “सर, ती मी तोडली” हे त्यांच्यासमोर बसून सांगायचं राहिलंय.