मला बसू दे

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की येरवड्याच्या आमच्या फ्लॅटमधली ती रविवारची सकाळ आठवते. गोधड्या शिवायला मी मोठं मशीन घेतलं होतं. ते जेवणाच्या टेबलावर मांडल्यामुळे आम्ही सगळे खाली बसून जेवत होतो. सासूबाईंनी आयुष्यभर हातानं गोधड्या शिवल्या होत्या, पण बोटं आखडल्यापासून सुई सोडली होती. मशीन पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "याच्यावर गोधडी नाही, पायपुसणं होईल." त्या सकाळी मी त्यांच्याच मऊ सुती साड्यांचे थर मशीनखाली घातले. जड गोधडी टेबलावरून घसरू लागली, तशा त्या उठल्या आणि पलीकडून तिचा भार सांभाळू लागल्या. मशीन घरघरलं, टेबल हादरलं आणि निळ्या काठाशेजारून टाक्यांची ओळ सरसर धावत सुटली. त्या वाकून बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "ऊठ जरा. मला बसू दे." मी म्हटलं, "अहो आई, पायानं पेडल अगदी हळू दाबायचं हं." त्यांनी चांगलंच दाबलं. टाके नागमोडी पळाले, मी गोधडी ओढत राहिले आणि दोघींना हसू आवरेना. "सोडू नकोस, धर नीट," त्या म्हणत होत्या, आणि त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा फुलला होता. गोधडी पुरी झाली तेव्हा दुपार उलटली होती आणि कुकर लावायचाच राहिला होता. आता सकाळी मशीन त्यांचं असतं. मला हवं असलं तर विचारावं लागतं, आणि मान वर न करता त्या म्हणतात, "माझी एवढी ओळ होऊ दे."