भाईच्या बड्डेचं बॅनर

किस्से कसे साठतात सांगू? भाव चढेपर्यंत कापूस घरात भरून ठेवतात ना, तसे. आधी एक खोली जाते, मग बैठक जाते, मग माणसांना पाय पसरायला जागा उरत नाही. माझं तसंच झालंय.

पांढरकवड्यात आमच्या वस्तीत नशामुक्ती समिती निघाली, तेव्हा मी तहसील कचेरीतून नुकतीच रिटायर झाले होते. हिला लिहिता येतं म्हणून मला सचिव केलं. पोट्ट्यांना नशेपासून अन् भाई लोकांच्या मागं फिरण्यापासून वाचवायचं, एवढंच काम. ठराव सगळे रजिस्टरात गेले. मजा बाहेर राहिली!

* * *

पहिल्याच कार्यक्रमाला एका मोठ्या साहेबांना बोलावलं. त्यांनी पडद्यावर एकेक पदार्थ दाखवला. नाव, रंग, कसा घेतात, सगळं! पोट्टे गणिताच्या तासाला एवढे शांत कधी बसले नसतील. आम्ही खूश.

शेवटी साहेब म्हणाले, "काही शंका?"

मागून एक हात वर आला. "सर, ते तिसऱ्या नंबरचं आपल्या इकडं कुठं भेटते?"

साहेब घामाघूम! आमच्या समितीतले पीटीचे काळे सर कपाळावर हात मारून म्हणाले, "मॅडम, आपन तं पोट्ट्याइले मेनूकार्ड वाटून आलो ना बावा!"

व्याख्यानं त्या दिवसापासून बंद.

* * *

गुप्त तक्रारपेटीची आयडिया मात्र माझी. कोण नशा विकतं, कोण पोट्ट्यांना नादी लावतं, ते गुपचूप लिहून टाका म्हटलं. पण सारी नोकरी कचेरीत काढलेली बाई मी, फॉर्मशिवाय मला चैन पडेल का? फॉर्म छापून घेतला. तक्रारदाराचं संपूर्ण नाव, पत्ता, मोबाइल नंबर, सही. दोन प्रतींत!

महिनाभर पेटी रिकामी. मी सगळ्यांवर तडतडले, वस्तीला कशाचं काही पडलेलंच नाही म्हणून. शेवटी एक फॉर्म निघाला. सहीच्या जागी लिहिलेलं होतं, "डर लगता है मॅडम, साइन नहीं करता. आपका रफिक पंक्चरवाला."

चूक माझीच होती, कबूल. रफिकभाईंना त्याच आठवड्यात समितीत घेतलं.

* * *

पंक्चरचं सोल्युशन पोट्टे रुमालावर टाकून हुंगतात. रफिकभाईंचं दुकान हायवेला, पोट्टे ते मागायला तिथंच जायचे, म्हणून त्यांनी नियम केला. ट्यूब आणा, पंक्चर मी काढून देतो, सोल्युशन हातात मिळणार नाही.

सागर नावाचा सतरा वर्षांचा पोट्टा सायकलची तीच ती ट्यूब घेऊन यायला लागला. निदान वास तरी मिळावा म्हणून घरी खिळा मारायचा अन् इथं घेऊन यायचा! चौथ्या खेपेला रफिकभाई म्हणाले, "बेटा, इसमें अब ट्यूब कम, पॅच जादा है." एवढं बोलून ते वळले, तर सागरनं सोल्युशन उचललं अन् धूम! रफिकभाई स्कूटर घेऊन मागं.

मीटिंगला आले ते धापा टाकतच. "मॅडम, मैं गाडी पे, वो पैदल, फिर भी हाथ नहीं आया!"

आम्ही हळहळलो. काळे सर खुर्चीतून उठलेच. "अरे, असं पोट्टं माह्या कबड्डीत पायजे!"

अन् खरंच आणलं त्यांनी त्याला. दोन-तीन महिन्यांत रुमाल सुटला, सागर जिल्ह्याच्या निवडीपर्यंत पोचला.

* * *

तेवढ्यात मोंटीभाईचा बड्डे आला. मोंटी म्हणजे वय पंचवीस, अंगावर केसेस, मागं चेल्यांची रांग. संध्याकाळी चौकात तलवारीनं केक कापायचा, व्हिडिओ स्टेटसला टाकायचा. यंदा तलवार धरून उभं राहायचा मान भाईनं सागरला दिला! व्हिडिओत दिसला की पोलिसात नाव, अन् दुसऱ्याच दिवशी असलेली कबड्डीची निवड हातची गेली. काळे सरांनी समजावलं, मी रागावले, रफिकभाईंनी हात जोडले.

सागर म्हणे, "भाईनं मले इज्जत देल्ली. तुमी काय देल्लं?"

खरं सांगते, मला रडूच आलं.

बड्डेच्या सकाळी चौकात भलं मोठं बॅनर लागलं. मधोमध गॉगल घातलेला मोंटी, भोवती गोल गोल फोटोंत शुभेच्छुक. त्यात सागर! दुपारी त्याची माय सुनीता शाळेतली खिचडी शिजवून परत येत होती. बॅनरखाली थांबली. मला म्हणाली, "मॅडम, हा आपला सागर होय काय?"

मी मान हलवली.

घरी गेली अन् गवत कापायचा इळा घेऊन आली. समोरच्या पेंटरची शिडी बॅनरला लावली अन् चढली. सागरचा तेवढा गोल कापायला लागली! मोंटीचे चेले ओरडले, "ओ मावशी, भाईचं बॅनर हाये ते!"

"भाईचं भाईले ठेवलं. माह्यं मी नेऊन राह्यली!"

सागर धावत आला, लालबुंद. "माय, खाली उतर! इज्जत घालवून राह्यली माही!" तेवढ्यात शिडी हलली. तोंड चालूच होतं त्याचं, पण दोन्ही हातांनी शिडी धरली. सुनीता उतरली अन् कापलेला फोटो त्याच्या खिशात कोंबला. "घे. इज्जत घरी नेऊन ठेव."

तो शिडी सोडणार, तर मागं दुसऱ्या एका शुभेच्छुकाची माय उभी. "घट्ट धर रे सागर, मले वर चक्कर येते." मग तिसरी आली, मग चौथी. पोट्टा हलेल तर कसा? चार वाजेपर्यंत बॅनरवर एकटा मोंटी उरला, भोवती नुसती भोकं! आम्ही हसत होतो अन् डोळेही पुसत होतो.

शेवटी एक किडकिडीत बाई पुढं आली. मोंटीची माय. तिनं सुनीताच्या हातून इळा घेतला, पदर कमरेला खोचला अन् पहिल्या पायरीवर पाय ठेवून सागरला म्हणाली,

"शिडी सोडू नको बेटा. माह्या पोराचा फोटो मोठा हाये, कापाले जरा टाइम लागन."