आरशापुढची जागा

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये वासुशेठचं साडीचं दुकान होतं, आणि तिथं आरशापुढे उभं राहायचा मान कितीतरी वर्षं सोनियाचा. गिऱ्हाइकाने साडीवर बोट ठेवलं की ती खांद्यावर पदर टाकून दाखवायची. केतकीसारखी गोरी बाई. तिच्या अंगावर गोणपाटही खुललं असतं. तिची भाकरीच त्या रंगावर होती.

बदलापूरची अंजनी कामाला लागली तेव्हा शेठने तिला मागे घड्या घालायला बसवलं. अंजनी काळी. "पुढे नको, गिऱ्हाईक बिचकेल," शेठ म्हणाला. सोनियाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं.

मग समोर नवं दुकान उघडलं. त्या मालकाला माणसं मिळेनात, म्हणून त्याने अंजनीला नेलं आणि थेट आरशापुढे उभं केलं. दिवाळीपर्यंत बायका तिकडे वळल्या. कंपनीत जाणाऱ्या, उन्हात राबणाऱ्या, बहुतेक अंजनीच्याच रंगाच्या. "हिच्यावर दिसते तशीच घरी गेल्यावर आपल्यावर दिसते," एकजण त्या दुकानाची पायरी उतरताना बोलली. ते सोनियाच्या कानात शिरलं ते निघेना.

दुपारी दोऱ्याचं रीळ आणायच्या निमित्ताने ती समोरून जायची. अंजनीने मोरपंखी पदर घेतलेला, आणि चारचौघी तिच्याकडे बघत बसलेल्या. काय आहे तिच्यात बघण्यासारखं? पण काहीतरी होतं, ते सोनियालाही दिसत होतं.

शेवटी शेठने पगार वाढवून अंजनीला परत आणलं.

"शेठ, तुम्हीच म्हणाला होता ना, गिऱ्हाईक बिचकेल?" सोनियाने विचारलं.

"वो तब की बात थी. आता सामनेवाला माझं गिऱ्हाईक खातोय. धंद्यात रंग कोण बघतो?"

"सोनियाताई, तुम्ही मधे उभ्या राहा, मी कडेला राहते," अंजनी म्हणाली. तिचा तो चांगुलपणाही सोनियाला टोचला.

लग्नसराईच्या तोंडावर दुकानावर मोठा बोर्ड लागला. फोटो सोनियाचा. "बोर्डपे तो गोरा ही चलता है," शेठ म्हणाला. अंजनीने वर पाहिलं आणि ती आत गेली. त्या दिवशी सोनिया पेढे घेऊन अंबरनाथला घरी गेली.

पुढच्याच आठवड्यात चिखलोलीच्या मायलेकी आल्या. मुलगी सावळी, लग्न ठरलेली. सोनियाने झटकन आंब्याच्या रंगाचा शालू खांद्यावर घेतला.

"बाहेर फोटोत तुम्हीच ना?" आईने कौतुकाने विचारलं. "छान आलाय हो. पण त्या दुसऱ्या ताई कुठे आहेत? हिच्या मैत्रिणीने त्यांच्याच अंगावर बघून घे म्हणून सांगितलंय."

अंजनी मागे चहा पीत होती. 'ती आज आली नाही,' सोनियाच्या अगदी जिभेवर आलं. पण शेठ गल्ल्यावरून बघत होता.

"अंजनी, तुला बोलावतायत," तिने हाक मारली आणि शालू काढून तिच्या हातात दिला.

अंजनीने पदर घेतला तशी मुलगी खुलून हसली. सोनिया बाजूला उभी राहून बघत होती. आपण थोड्या सावळ्या असतो तर, असं तिला जन्मात पहिल्यांदा वाटलं.