मागितलेली फांदी जगत नाही

माझी आत्या कपडे अल्टर करून देते. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली: एक शिलाई मशीन, एक आरसा, आणि पडद्यामागे उभं राहून पॅन्ट बदलण्यापुरती जागा. बाही आखूड कर, कंबर सैल कर, चेन बदल, असली कामं. त्यासाठीची छोटी कात्री तिच्या पर्समध्ये कायम असते, आणि सगळा घोळ त्या कात्रीचा आहे. कारण आत्या चोर आहे.

चोरते फक्त फांद्या. बँकेच्या दारातली, दवाखान्याच्या कुंपणाबाहेर डोकावणारी, जी दिसेल ती. बोलता बोलता हात मागे जातो, कच् असा बारीक आवाज होतो, आणि फांदी ओल्या रुमालात गुंडाळून पर्समधल्या डब्यात जाते. चेहरा मात्र धुतल्या तांदळासारखा. आतोबा होते तेव्हा म्हणायचे, "हिच्याबरोबर फिरायला निघायचं म्हणजे जामीन राहायची तयारी ठेवावी लागते."

"मागून का घेत नाहीस?" मी एकदा विचारलं.

"मागितलेली फांदी जगत नाही," ती म्हणाली. "शिवाय मागितलं की उपकार होतो. त्याला जन्मभर पाणी घालत बसावं लागतं."

बिया तिला पसंत नाहीत. "बी म्हणजे लेकरू. आईचं काय उचलेल, बापाचं काय उचलेल, नेम नाही. आमच्या नातवाचंच बघ ना, डोळे माझ्या लेकीचे आणि नाक थेट विहीणबाईंचं. फांदीचं तसं नसतं. फांदी म्हणजे तीच बाई, नुसतं घर बदललेली."

कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या वर्गात मला हेच शिकवलं, फक्त नाकाचा उल्लेख नव्हता. बीमध्ये दोन्हीकडच्या जनुकांची सरमिसळ होते. फांदी लावली की जुन्याच झाडाच्या पेशी तीच जनुकं घेऊन वाढत राहतात.

तिच्या गच्चीत एक लाल गुलाब होता. तो आतोबांनी आयुष्यात केलेल्या एकमेव चोरीचा. लग्न नवं असताना त्यांनी ऑफिसच्या बागेतून तिच्यासाठी फांदी आणली होती, आणि माळ्याने बघितलं असेल या भीतीने दोन दिवस रजा टाकली होती. आतोबा गेले, गुलाब राहिला.

मग एका वर्षी त्या गुलाबाच्या एकाच फांदीवर पांढऱ्या पट्ट्यांची फुलं आली. मी तिला समजावलं की कोंबातल्या एखाद्या पेशीचं जनुक बदलतं आणि त्यातून वाढलेली फांदी तो बदल घेऊन येते. आत्याने त्यातलं हवं तेवढं घेतलं. "म्हणजे आख्ख्या जगात माझ्याकडेच." तिने ती फांदी कापून वेगळ्या कुंडीत लावली, गच्चीला कुलूप घातलं आणि चोराची पोलीस झाली. कुणी फांदी मागितली की उत्तर ठरलेलं: "मागितलेली जगत नाही हो."

त्यामुळे विहीणबाईंनी मागितलीच नाही. त्या नातवाला घेऊन आल्या, गच्ची बघितली, "बरा आहे गुलाब" म्हणाल्या आणि चहा घेऊन गेल्या.

"त्यांच्या मनगटावरचा ओरखडा पाहिलास?" आत्याने विचारलं.

"मांजराचा असेल."

"त्यांच्या घरात मांजर टिकेल होय?" ती कुंडीपाशी गेली. पट्टेवाल्या गुलाबाची एक फांदी कोंबाच्या जरा वर तिरकी कापलेली होती. आत्याने बराच वेळ निरखलं. "कापलंय मात्र व्यवस्थित," ती नाइलाजाने म्हणाली. पुढे फोनवर विहीणबाईंकडे सगळ्यांची विचारपूस व्हायची, गुलाबाचं नावही निघायचं नाही.

मग वरच्या मजल्यावर रंगकाम निघालं. रंगाऱ्याने सामान ठेवायला गच्चीची किल्ली नेली आणि ब्रश धुतलेलं थिनर निघताना दोन्ही कुंड्यांत ओतून दिलं. दोन्ही गुलाब वाळले. आत्याने कात्रीने खोड खरवडून पाहिलं, हिरवं कुठेच नव्हतं. ती कुंडीच्या काठावर बसली आणि रडली. "पट्ट्यांचं जाऊ दे गं," ती म्हणाली. "ह्यांचा लाल गेला."

तेव्हा मी भीत भीत म्हटलं, "पट्टेवाल्या झाडाच्या सगळ्याच पेशी बदललेल्या नसतात. एखाद्या जुन्या पेशीतून कोंब फुटला, तर तो लाल येतो. तोच, आतोबांचा."

"आणि पट्टेवालं झाड आता कुणाकडे आहे?"

आत्या उठली आणि पर्समध्ये कात्री आहे का ते बघितलं.

विहीणबाईंचं अंगण आमच्या गच्चीपेक्षा मोठं, आणि गुलाब तर माणसाच्या उंचीचा झालेला. पण तीन जाडजूड फांद्या लालभडक फुलांच्या, आणि त्यांच्या सावलीत पट्टेवाली एकच काडी, एका फुलाची. आत्या त्या लाल फुलांसमोर उभी राहिली. तिचा हात मागे गेला नाही. माझ्या आयुष्यात मी हे पहिल्यांदाच पाहत होते.

विहीणबाई अवघडून म्हणाल्या, "बाजारातून आणला. आधी पट्टे होते, आता काय बिघडलंय कोण जाणे."

"बाजार चांगला आहे तुमचा," आत्या म्हणाली. "बिघडलं काही नाही. लाल फांद्या जोरदार असतात, त्या पट्टेवालीला खाऊन टाकतील. मुळापाशी कापून काढा, तर तुमचे पट्टे जगतील."

"मग काढा की. कात्री असेलच."

कात्री होती. आत्या खाली बसली, पण कापेना. मग मान वर न करता म्हणाली, "विहीणबाई, ह्या लाल फांद्या मला द्याल? ह्यांनी लावलेला गुलाब आहे. माझ्याकडचा मेला."

विहीणबाईंनी मनगटावरचा पदर नीट केला, जिथे आता ओरखड्याची खूणही नव्हती.

"नाही देणार," त्या म्हणाल्या. "मागितलेली जगत नाही म्हणता ना तुम्ही? मी चहा टाकते. माझी पाठ असते तेव्हा अंगणात काय होतं, मला काही दिसत नाही."

त्या आत गेल्या. ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि चहा उतू जाऊन गॅसवर सांडला तरी अंगणातून आत्याच्या डब्याचं झाकण लागल्याचा आवाज येईपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.