खरखरणारी चावी

हे मी लिहिणारच नव्हते. टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं, परत पुसलं. मग मावशीच म्हणाली, "लिही, फक्त माझं नाव नको घालूस." म्हणून नुसतं मावशी.

मावशी आमच्या खालच्या मजल्यावर राहायची, कपडे शिवायची. नवरा चावीवाला. नाक्यावर टपरी, आणि हात असा की कुलूपसुद्धा लाजून उघडेल, असं सगळे म्हणायचे. घरी मात्र त्याच चावीने मावशीचा जीव टांगणीला लागायचा. संध्याकाळ झाली की मशीन चालू असतानाही तिचा एक कान दाराकडे. चावी एका दमात फिरली तर प्यायलेला नाही, चहा ठेवायचा. चावी भोकाभोवती खरखरली तर ढोसून आलाय. मग गॅस बंद, कात्री पिठाच्या डब्यात, आणि भिंतीला पाठ लावून उभं राहायचं.

सकाळी तो पाय धरायचा. "मी नाही गं, दारूने हात उचलला."

सासू म्हणायची, "माणूस सोन्यासारखा आहे, दारूच मेली वाईट."

मावशीलाही पटायचं ते. म्हणजे, पटवून घ्यायची.

एकदा अजून उजेड होता आणि चावी एका दमात फिरली. मावशीने कात्री टेबलावरच ठेवली, चहाचं आधण ठेवलं. तो आत आला आणि वासाचा भपकारा आला.

तो दाराला टेकून हसत होता. "काय गं, आज कात्री पिठात नाही गेली?"

मावशी भिंतीकडे सरकली.

"तुला काय वाटलं, पोटात दोन पेग गेले की मला भोक दिसत नाही? हात थरथरला असता तर धंदा बसला असता माझा. तू आत कशी पळापळ करतेस ते ऐकायला मजा येते, म्हणून खरखरवतो."

त्याने कात्री उचलली आणि बोटावर फिरवायला लागला. मावशी कात्रीकडेच बघत राहिली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुणी बाई घराबाहेर अडकली होती.

"घाबरू नका ताई, आलोच मी." आवाज कसा, साखरेत घोळलेला. तीच दारू, तेच पोट.

फोन ठेवून तो म्हणाला, "आल्यावर बघतो तुझ्याकडे," आणि हत्यारांची पिशवी घेऊन गेला.

मावशीने गॅस बंद केला, चपला हातात घेतल्या आणि पाऊल न वाजवता जिना उतरली. थेट बहिणीकडे.

बहिणीच्या दाराला चांगलं महागाचं कुलूप आहे. पण नवऱ्यापुढे कुलूप म्हणजे किस झाड की पत्ती. म्हणून मावशीने आतून जाड कडी बसवून घेतली, कडीला भोक नसतं. तरी जीव भांड्यात पडत नाही. शेजारच्यांची चावी वाजली तरी ती कात्री शोधते. म्हणून बहीण खालच्या पायरीपासूनच ओरडत येते, "मीच गं, तुझी जाडी बहीण, धापा टाकत येतेय, दार उघड."

तुमच्याही ओळखीत अशी कुणी असेल, दाराकडे कान लावून बसलेली, माणूस चांगला आहे म्हणणारी. या आठवड्यातच तिला भेटायला जा. तो घरी नसताना जा. आणि जिन्यातूनच हाक मारत जा, म्हणजे तिला कळेल की तुम्ही आहात.